‘साहेब’ही नको, ‘छपरी’ही नको : मग आमच्या पोरांनी घालायचं तरी काय?

मानोऱ्याच्या एसटी स्टँडजवळच्या चहाटपरीवर घडलेला हा प्रसंग. आमच्या वस्तीतला एक तरुण पुण्यात कंपनीत नोकरीला आहे. सुट्टीवर आला होता आणि मुलगी पाहायला दिग्रसला निघाला होता. गडद निळा कोट, पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. गाडीला वेळ होता म्हणून चहा घ्यायला थांबला. टपरीवर बसलेल्यांपैकी एकानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “काबे, कलेक्टर झाला काय? एवढ्या उनात कोट कोणाले दाखवून रायला?” बाकीचे हसले. आमचा पोरगाही हसला. दुसरं काय करणार? पण गाडीत बसण्याआधी त्यानं कोट काढून हातावर घेतला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

त्याच महिन्यातला दुसरा प्रसंग. वस्तीतलाच एक बारावीतला मुलगा. सोयाबीन सोंगायला जाऊन चार पैसे कमावले आणि सलूनमध्ये जाऊन केसांना तांब्यासारखा रंग देऊन आला. खाली घोट्यापर्यंत घट्ट पँट, वर चित्रांचा शर्ट. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्याला ऐकवण्यात आलं, “असा छपरी अवतार घेऊन वर्गात यायचं नाही.” वर्ग हसला. हा मात्र हसला नाही. बॅग उचलली आणि बाहेर पडला.

आता हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाचे कपडे फार ‘साहेबी’ म्हणून हसू, दुसऱ्याचे फार ‘छपरी’ म्हणून हसू. एक वर गेला म्हणून चुकला, दुसरा भलतीकडे गेला म्हणून चुकला. मग आमच्या पोरानं नेमकं काय घातलं म्हणजे कुणी हसणार नाही? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी उच्चारत नाही. विटका शर्ट, उसवलेली पँट, पायात घासलेली स्लीपर आणि मान खाली. हा वेश केलेल्या आमच्या पोराला मानोऱ्याच्या बाजारात आजवर कुणी टोकल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. उलट “पोरगं गरीब आहे, पण साधं आहे” असं प्रमाणपत्र मिळतं.

म्हणजे तक्रार कोटाबद्दलही नाही आणि केसांच्या रंगाबद्दलही नाही. या पोरांनी आरशात बघून, स्वतःला आवडेल ते, स्वतः ठरवून घातलं, याबद्दल ती तक्रार आहे. “ज्याची त्याची आवड” असं म्हणून हा विषय सोडून देणाऱ्यांसाठीच हा लेख आहे.

आवडीच्या नावाखाली चाललेला हा कारभार जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय घालावं हे लिहून ठेवलं आहे : प्रेतावरची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने. पेशवाईत पुण्यातल्या अस्पृश्यांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या १९३६ च्या भाषणात नोंदवलं आहे. त्याच भाषणात इंदूर भागातल्या बलाई समाजाची हकिगत आहे. जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आलेल्या बातमीच्या आधारे बाबासाहेब ती सांगतात. तिथल्या गावांमधल्या वरच्या जातींनी बलायांना नियम बजावले. त्यातला पहिला नियम : बलायांनी जरीकाठी पगडी बांधायची नाही. दुसरा : रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलायांनी नकार दिला तेव्हा त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं, गुरं चारायला बंदी केली, शेतातून जाण्याची वाट अडवली. अनेक कुटुंबांना बापजाद्यांची गावं सोडावी लागली.

धोतराचा काठ रंगीत असावा की पांढरा, यासाठी माणसांचं पाणी तोडलं जातं! ज्यांना कपडे हा किरकोळ विषय वाटतो त्यांनी या एका घटनेवर विचार करावा. मारणाऱ्यांना तो किरकोळ कधीच वाटला नाही.

कुणी म्हणेल, हा शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास झाला. मग आजचा कायदा उघडा. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या दुरुस्तीनं गुन्ह्यांची जी यादी वाढवली, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे कपडे काढणं, बळजबरीनं मुंडन करणं आणि मिशा काढणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक ठिकाणी पायताण किंवा नवे कपडे घालण्यापासून रोखणं हाही गुन्हा आहे. सायकल-मोटारसायकल चालवण्यापासून आणि लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसण्यापासून रोखणं हेही त्याच कलमात आहे. देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात ‘नवे कपडे’ आणि ‘मिशा’ हे शब्द फौजदारी कायद्यात घालावे लागले. हा कायदा कुणी कवीनं लिहिलेला नाही. गावोगाव हे घडत होतं म्हणून तो लिहावा लागला.

आणि कायदा होऊनही ते थांबलं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर देशभरातल्या आमच्या पोरांनी मिशीला पीळ देतानाचे फोटो मोबाइलवर लावले. २०२३ मध्ये बनासकांठा जिल्ह्यात पालनपूर तालुक्यातल्या मोटा गावी एका दलित तरुणाला मारहाण झाली. चांगले कपडे आणि गॉगल घातल्याचा राग त्यामागे होता, असं फिर्यादीत म्हटलं होतं. महाराष्ट्रानं यावर नाक मुरडू नये. ज्या राज्यात अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराचा २८ एप्रिल २०१४ रोजी सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून खून होतो, साक्षीदार फितूर होतात आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटतात, त्या राज्याला गुजरातकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही.

नितीन आगेचं नाव आम्ही इथं मुद्दाम घेतलं. कारण पुरुषाच्या दिसण्याचा प्रश्न शेवटी तिथंच जाऊन पोचतो.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचं मूळ लक्षण कोणतं? विटाळ नाही, व्यवसाय नाही, तर जातीतल्या जातीत लग्न, असं त्यांनी त्यात मांडलं. जात म्हणजे लग्नाभोवतीचं कुंपण. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या सगळ्या प्रथा त्या कुंपणाच्या राखणीसाठी आहेत. आता हाच धागा आम्ही थोडा पुढं नेतो. कुंपण शाबूत राहायचं असेल तर आतल्या मुलीला बाहेरचा मुलगा आवडता कामा नये. त्यासाठी मुलीला घरात कोंडता येतं, आणि ते केलंच जातं. पण दुसरीही एक सोय आहे. बाहेरचा मुलगा आवडण्यासारखा दिसूच द्यायचा नाही. त्याला प्रेतावरची वस्त्रं द्या, गळ्यात मडकं बांधा, मिशी उतरवा, नवा शर्ट फाडा. एवढं सगळं करूनही तो देखणा दिसलाच तर त्याला हसा. हसण्यानं भागलं नाही तर काठी आहेच.

दलित तरुणाच्या नीटनेटकेपणाचा एवढा राग का येतो, याचं आमच्या मते हेच कारण आहे. तो कोट घालून एसटीची वाट बघत उभा राहतो तेव्हा तो कुणाचं काहीही हिसकावत नसतो. पण कुणाला तरी तो आवडू शकतो. जातीच्या भिंतीला एवढी फटही पुरते.

आता बाबासाहेबांच्या कोटाकडे येऊ. “आंबेडकरांनी इंग्रजांची नक्कल केली, गांधींनी मात्र गरिबांसाठी कपडे त्यागले” हे वाक्य आम्ही शाळेपासून ऐकत आलो आहोत. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. त्यामागच्या त्यांच्या भावनेवर आम्हाला शंका घ्यायची नाही. पण साधा प्रश्न विचारायचा आहे. पंचा नेसल्यामुळे ते महात्मा दिसले, कारण त्याआधी ते बॅरिस्टर होते आणि जातीनं वाणी होते. टाकण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी होतं. गावकुसाबाहेरचा माणूस तर पिढ्यानपिढ्या लंगोटीवरच होता. त्याला कुणी महात्मा म्हटलं नाही. उघड्या अंगाचा त्याग करता येत नाही. तिथं कपडे घालणं हीच कृती उरते.

कपडे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९०१ सालची मसूर स्टेशनवरची त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. वडील नोकरीनिमित्त दूर होते. त्यांना भेटायला लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून निघाली. प्रवासासाठी नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं असा सगळा थाट केलेला. स्टेशन मास्तरनं चौकशी केली ती मोठ्या आपुलकीनं, कारण कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाची पोरं वाटली. मग भीमानं बालसुलभ सरळपणानं आपण महार असल्याचं सांगून टाकलं. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पोरं होती तिथंच उभी राहिली. कपडे तेच, चेहरे तेच, पोरं तीच. बदलला होता फक्त एक शब्द.

या प्रसंगाचे दोन धडे आहेत आणि ते दोन्ही लक्षात ठेवले पाहिजेत. पहिला असा की जात अंगावर दिसत नाही. ती दिसावी म्हणूनच वेशाचे नियम करावे लागतात. माणसं खरोखर जन्मानं वेगळी असती तर झाडू आणि मडक्याची गरज काय होती? दुसरा धडा कडू आहे. नुसत्या चांगल्या कपड्यांनी जात जात नाही. मसूरला ती गेली नाही, टपरीवरही गेली नाही. म्हणून कोट हाच मुक्तीचा मार्ग आहे असं आम्ही म्हणत नाही. कोट घातल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याबद्दल आम्ही बोलत आहोत.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची संकल्पना शिकवली गेली. खालच्या जाती वरच्यांचं अनुकरण करून वर चढू पाहतात, असा तिचा आशय. तेव्हा एका मित्रानं विचारलं होतं : महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना वरच्या जातींच्या स्त्रियांसारखं लुगडं नेसायला सांगितलं, चांदीचे जाडजूड दागिने टाकायला सांगितलं, हे संस्कृतीकरण नाही तर काय? प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर तारखांमध्ये आहे. २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि दोनच दिवसांनी हे भाषण झालं. अनुकरण करणारा शिडी मान्य करतो आणि वरची पायरी मागतो. इथं शिडीलाच आधी काडी लावली होती. लुगड्याची ती पद्धत आणि ते दागिने ही लांबून जात ओळखण्याची खूण होती. ती खूण पुसायला बाबासाहेब सांगत होते. कपडे फाटके असले तरी चालतील पण स्वच्छ ठेवा, हेही त्यांनी तिथंच सांगितलं होतं. ज्याला नुसती नक्कल करायची असते तो फाटक्याची गोष्ट करत नाही.

आणि कोट म्हणजेच स्वाभिमान असाही आमचा हट्ट नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले होते. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या मंडळींमध्ये उभं राहून, या देशाची खरी रयत माझ्यासारखी दिसते, हे त्यांनी राजपुत्राला दाखवून दिलं. जोतीरावांनी भरजरी सभेत कांबळ्याचा वेश नेला आणि बाबासाहेबांनी कांबळ्याच्या वस्तीत सूट आणला. कपडे उलटे, बाणा एकच : माझ्या अंगावर काय असेल ते मी ठरवीन आणि त्याचा अर्थही मीच सांगेन.

आता ‘छपरी’कडे वळू. कोटावर बोलताना आमच्यातलेही सगळे मान डोलावतात. खरी परीक्षा इथं आहे.

हा शब्द आता इन्स्टाग्रामपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत सर्रास वापरला जातो. रंगवलेले केस, घट्ट पँट, सायलेन्सर बदललेली गाडी, गॉगल, मोबाइलवर नाचाचा व्हिडिओ, एवढं जमलं की माणूस ‘छपरी’. छप्पर म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब नसतो त्यांच्या डोक्यावर छप्पर असतं. शिवाय महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद नावाची जात आहे. इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या समाजांपैकी ती एक. त्याच यादीत बंजारा आहेत, कैकाडी आहेत, वडार आहेत. शब्द कुठूनही आलेला असो, तो कुणाच्या घरावर जाऊन पडतो हे स्पष्ट दिसतं. इंजिनीअरच्या मुलानं मुंबईत केस निळे केले तर तो ‘फंकी’. क्रिकेटपटूनं केले तर ‘स्टाइल’. सिनेमातल्या नायकानं दाढी वाढवून, लुंगी दुमडून, खांदा वाकडा करून दाखवला की थिएटरात शिट्ट्या. तोच खांदा मानोऱ्याच्या पोरानं वाकडा केला की ‘छपरी’.

पियरे बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९७९ साली ‘डिस्टिंक्शन’ हा ग्रंथ लिहिला. अभिरुची ही निसर्गाची देणगी नसून वर्गाची शिकवण असते, आणि दुसऱ्याच्या आवडीला नाक मुरडताना माणूस स्वतःची जागा राखत असतो, असं त्याचं प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. पॅरिसमधल्या मध्यमवर्गाबद्दल त्यानं जे दाखवलं त्याला आपल्याकडे जातीची फोडणी आहे. गुडघ्यावर फाटलेली जीन्स मॉलमधून हजारो रुपयांना घेतली की फॅशन होते, कारण ती घालणाऱ्याच्या घरी न फाटलेल्या दहा आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुरकुतलेला लिननचा कुर्ता विचारवंताला शोभतो. आमच्या पोराचा सुरकुतलेला शर्ट मात्र मुलाखतीत त्याचे मार्क कापतो. साधेपणा ही चैन आहे, आणि ती परवडायला मागे घराणं लागतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या जब्याला जीन्सची पँट का हवी असते, हे ज्याला कळलं त्याला हा सगळा सिद्धांत पुस्तक न उघडता कळला.

आमच्या तालुक्यातलंच उदाहरण घ्या. पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. तिथं नंगाऱ्याच्या आकाराचं भव्य संग्रहालय उभं राहिलं आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बंजारा संस्कृतीचा गौरव झाला याचा आम्हाला आनंदच आहे. पाहुणे येतात तेव्हा आरसे लावलेल्या फेटिया-कांचळीतल्या बायकांना पुढं उभं करून फोटो काढले जातात. रंग, आरसे, चमक यांचं केवढं कौतुक! पण तांड्यावरचा वीस वर्षांचा पोरगा ऊसतोडीहून परतल्यावर स्वतःच्या पैशानं चमकणारा शर्ट घेऊन मानोऱ्याच्या बाजारात येतो, तेव्हा हीच चमक ‘छपरी’ ठरते. काचेच्या कपाटात ठेवलेली आमची रंगांची आवड चालते. जिवंत अंगावर फिरायला लागली की डोळ्यांत खुपते.

यावर दोन आक्षेप येतात. त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही.

पहिला आक्षेप : “ही पोरं गाड्या बेफाम चालवतात, मुलींची छेड काढतात, म्हणून लोक छपरी म्हणतात.” जो छेड काढतो त्याला छेड काढणारा म्हणा, त्याच्यावर गुन्हा दाखल करा, आम्ही तुमच्या आधी पोलीस स्टेशनला येऊ. पण इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, महागड्या गाडीत बसून छेड काढणाऱ्यासाठी असा कोणता शब्द तुम्ही बनवला आहे? गुन्ह्याला नाव द्यायचं तर ते गुन्ह्याला द्या. पँटीच्या मापाला कशाला देता?

दुसरा आक्षेप आमच्याच ज्येष्ठांचा आहे आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो : “बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी पोटाला चिमटा घेतला, आणि ही पोरं हप्त्यावर मोबाइल आणि बूट घेतात.” यात तथ्य आहे. उधारीवर थाट करून बापाच्या डोक्यावर कर्ज चढवणं हा स्वाभिमान नव्हे. बाजार आमच्या पोरांच्या न्यूनगंडावर धंदा करतो हेही खरं. २००५ साली पुरुषांसाठी वेगळं गोरेपणाचं क्रीम बाजारात आलं आणि मोठ्या नटानं त्याची जाहिरात केली. तेव्हापासून आमच्या वस्तीच्या किराणा दुकानातही त्याच्या पुड्या टांगलेल्या दिसू लागल्या. पण उपाय काय? पोराला “तुझी लायकी बघून कपडे घाल” असं म्हणणं हा उपाय असेल, तर ते वाक्य मूळ कुणाचं आहे ते आठवून बघा. पुस्तक आणि कपडा यांत एकच निवडायला आमच्याच लेकरांना का लावायचं? बाबासाहेबांच्या घरी हजारो पुस्तकं होती आणि अंगात उत्तम शिवलेला सूटही होता.

आता स्वतःच्या अंगणात येऊ, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं.

त्या तांबूस केसांच्या मुलाला कॉलेजात हिणवलं गेलं, हे तर आम्ही वर सांगितलंच. पण त्यानंतर आठवड्याभरात विहारात जयंतीच्या नियोजनाची बैठक झाली. तिथं एक ज्येष्ठ म्हणाले, “हे रंगीत डोक्याचे पोट्टे मिरवणुकीत समोर नको. लोकं काय म्हणतीन?” आणि आम्ही, जे आज हा लेख लिहीत आहोत, गप्प बसलो. एवढंच नाही, बैठक संपल्यावर त्या पोराला बाजूला घेऊन आम्हीच समजावलं की बाबा, निदान जयंतीपुरते केस काळे करून घे. तो ‘हो’ म्हणाला. आणि त्या दिवसापासून विहारातल्या अभ्यासिकेत यायचा बंद झाला.

कॉलेजनं त्याला वर्गाबाहेर काढलं होतं, आम्ही अभ्यासिकेबाहेर काढलं. दोघांनीही एकच शिक्षा दिली आणि आमचे शब्द फक्त गोड होते. “लोकं काय म्हणतीन” यातले ‘लोक’ म्हणजे टपरीवरचे तेच हसणारे, एवढं साधं आमच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या नजरेतून सुटायला आपण धम्माच्या वाटेवर आलो, त्यांचीच नजर उसनी घेऊन आपण आपल्या लेकराकडे बघितलं.

आमच्या घरांतल्या बायोडाट्याचंही तेच. वधू-वर परिचय मेळाव्यात आमचे मुलगे ‘रंग गोरा’ असं लिहितात, ‘निमगोरा’ असं लिहितात. सावळ्या मुलाच्या फोटोला मोबाइलवर उजळवून घेतात. मुलगी मात्र गोरी, शिकलेली, नोकरीवाली आणि वर ‘साधी’ हवी असते. जो पोरगा स्वतःच्या टाइट जीन्सवर कुणी बोललं तर चवताळून उठतो, तोच बहिणीच्या जीन्सवर घर डोक्यावर घेतो. मित्रांनो, हे चालणार नाही. जातीचं कुंपण बाईच्या अंगावर बांधलेलं आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवलं. बहिणीचा पोशाख ठरवायचा हक्क हवा असेल, तर तुझा पोशाख ठरवणाऱ्या गावाशी तुझं भांडण उरत नाही.

म्हणून आमचं म्हणणं सरळ शब्दांत मांडतो.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी ‘छपरी’ हा शब्द आजपासून तोंडातून काढावा, चेष्टेतही नको. जयंतीच्या मिरवणुकीत रांग आणि शिस्त असावी, दारू नसावी, मुलींना सुरक्षित वाटावं. एवढे नियम पुरेत. केसांचा रंग हा नियमांचा विषय नाही. वंदनेला पांढरी वस्त्रं घालण्याची आपली रीत आहे, ती सुंदर आहे, ती आपण धम्मासाठी पाळतो. पण ती ज्याच्याकडे नाहीत त्याला दारातून परत पाठवण्यासाठी नाही. बायोडाट्यातला ‘रंग’ हा रकाना खोडून टाका. मेळाव्याच्या आयोजकांनी छापील अर्जातूनच तो काढावा. फार तर एक ओळ कमी छापावी लागेल. आणि कुठं नवे कपडे, मिशी, गाडी किंवा वरात यांवरून आपल्या माणसाला अडवलं, तर “जाऊ द्या, कपड्यावरून कशाला” असं म्हणून परत फिरू नका. ते कायद्यात लिहिलेलं आहे. फिर्याद देताना कलम दाखवा.

शिक्षकांना एवढीच विनंती, की मुलाच्या डोक्याच्या वर काय आहे ते बघण्याआधी डोक्यात काय आहे ते विचारा. वर्गातून बाहेर पडलेला मुलगा केस काळे करून परत येत नाही. तो सोयाबीन सोंगायला जातो आणि मग ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसतो.

गेल्या रविवारी आम्ही दोघं-तिघं त्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागितली. त्याच्या आईनं चहा ठेवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, “केस असेच राहू द्यायचे आहेत. चालन काय?” आम्ही म्हणालो, “डोकं तुझं आहे. फक्त गणिताचं पुस्तक घेऊन ये.”

सोमवारी संध्याकाळी तो आला. मागच्या बाकावर बसला. बाबासाहेबांचा तो कोट-टायमधला फोटो समोरच्या भिंतीवर आहे, आणि त्याखाली बसून आमचं तांबूस डोक्याचं पोरगं त्रिकोणमिती सोडवत होतं. अभ्यासिकेत कुणीही हसलं नाही.

जय भीम!